धुराच्या सभेतून उठलेल्या वत्सलाताई

वत्सलाताईंची आणि माझी पहिली भेट पंचायत समितीच्या कचेरीत झाली. मी नवी ग्रामसेविका, घरचे बौद्ध. माझं आडनाव ऐकलं की गावातली रिकामी खोलीही भरलेली निघे. ताई तेव्हा समितीच्या सदस्या होत्या. त्यांनी माझी वळकटी स्वतः उचलली. "माझी माडी मोकळी हाय. चल पोरी," म्हणाल्या. भावकी कुरकुरली, तरी मी त्यांच्या पंक्तीलाच जेवत राहिले.

ताईंच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथात बहुतेकजण त्यांच्या मायेवर लिहितील. मला त्यांच्या संतापावर लिहायचं आहे.

समितीत दुसऱ्या महिला सदस्या कमलताई. तिशीच्या, दोन मुलांच्या आई. पाळणा लांबवण्यासाठी त्या गोळ्या घेत. कागद उडतात म्हणून सभेच्या खोलीच्या खिडक्या लावलेल्या असत, आणि पुरुष मंडळी विडीवर विडी पेटवत. कमलताई तोंडाला पदर लावून बसत. घरीही नवऱ्याची सिगारेट त्यांच्या उशाशीच जळे.

एका सभेत त्या बोलायला उठल्या आणि जीभ जड झाली. उजवा हात लोंबकळला. ताईंनी आणि मी त्यांना जीपमधून कराडला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "विडी, तपकीर, मिश्री?" कमलताईंनी नकारार्थी मान हलवली. "मग आसपास कोण ओढतं?" त्यावर ताई म्हणाल्या, "कोण ओढत न्हाई ते इचारा."

बाईंनी समजावलं, "या गोळ्यांनी काही बायकांच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. स्वतः ओढणारीला तो आणखीच. कोंडलेल्या खोलीतला दुसऱ्याचा धूरही छातीत जातोच. हे त्यानंच झालं असं मी ठामपणे सांगणार नाही, पण तो धूर निरुपद्रवी आहे असंही म्हणणार नाही. गोळ्या बंद. धुरापासून लांब राहा. आणि पाळणा लांबवायची जबाबदारी आता यजमानांनी घ्यावी."

मागाहून येऊन पोचलेले यजमान म्हणाले, "बघू की," आणि सिगारेट ओढायला बाहेर गेले.

पुढच्या सभेत ताई उभ्या राहिल्या आणि गोळ्यांबद्दल, गुठळीबद्दल, धुराबद्दल सगळं सांगितलं. आमच्या तालुक्यात चारचौघांत, तेही पुरुषांपुढे, असं कुठलीही बाई तोवर बोलली नव्हती. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"आवं ताई, बायकांचं बोलणं हितं कशाला?" सभापती म्हणाले.

"मग कुठं बोलू? चुलीम्होरं? तितंबी तुमचाच धूर हाय! गोळ्या बायांनी खायच्या, धूर बायांनी गिळायचा, आन् लाजबी बायांनीच धरायची व्हय?"

"सोसत न्हाई तर बायांनी घरी बसावं," मागून आवाज आला.

ताईंनी खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात नेऊन मांडली. "घरी बसायला मी निवडून आले न्हाई. माझं मत पायजे तर हितं येऊन घ्या."

मंडळींनी सूड घेतला. ताईंच्या गावच्या पाझर तलावाचा ठराव मागे पडत राहिला. गावची माणसंच येऊन म्हणू लागली, "ताई, सोडा की हट." ताई सभेच्या दिवशी व्हरांड्यातच बसत राहिल्या. अखेर एका ठरावावर दोन्ही गट बरोबरीला आले आणि ताईंच्या मताशिवाय गाडी हलेना. तेव्हा सगळी सभा मुकाट्यानं व्हरांड्यात आली. "आदी विड्या इजवा," ताई म्हणाल्या, आणि विझल्या. तेव्हापासून ओढणारा आवाराबाहेर जातो.

पण कमलताईंच्या उजव्या हातात बळ परत आलं नाही. त्यांनी राजीनामा दिला. आज त्या लेकीची वेणी डाव्या हातानं घालू पाहतात आणि अर्ध्यात सोडतात. 'गोळ्यांनी केलं' म्हणून गाव मोकळं झालं. नवऱ्याला कुणी जाब विचारला नाही. तो अजूनही त्याच खोलीत ओढतो. ताई तेवढ्या दर आठवड्याला जाऊन त्याला शिव्या घालतात आणि खिडक्या सताड उघडून येतात.

या गौरवसमितीच्या बैठकीत दोघांनी सिगारेटी पेटवल्या आणि त्या धुरात ताईंच्या 'सोशिक स्वभावा'वर लेख घ्यायचं ठरवलं. तो लेख मी लिहिणार नाही. ताई सोशिक नाहीत, म्हणून तर आम्ही बाया त्यांच्या ऋणात आहोत.

एकसष्टीनंतरही ताईंची छाती स्वच्छ राहो, हातपाय धडधाकट राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, कारण कमलताईंच्या खिडक्या अजून कुणाला तरी बाहेरून येऊन उघडाव्या लागतात.