गव्हाणच्या स्टेशनवरची गळती

हसू नका असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही हसणारच. फक्त चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, एवढंच. आमच्या पनवेलच्या ऑफिसात हा किस्सा माझ्यासमोर कोणी सांगत नाही, माझी पाठ वळली की सांगतात. त्यापेक्षा मीच सांगितलेला बरा!

मी सॅम्युअल पेणकर. आम्ही कोकणातले ज्यू, आमचे निम्मे नातेवाईक इस्रायलला गेले, मी पनवेलला गॅसच्या पाइपलाइनवर राहिलो. तुमच्या स्वयंपाकघरात पाइपने गॅस येतो ना, तो मागून मोठ्या लाइनीतून भयंकर दाबाने येत असतो. तसाच शेगडीत सोडला तर पोळीच्या आधी भिंत भाजेल! म्हणून मध्ये जागोजागी कुंपण घातलेली छोटी स्टेशनं असतात, तिथे तो दाब उतरवतात. ती सांभाळायची, जोडाजोडावर साबणाचं पाणी मारून बुडबुडा येतो का बघायचं, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायचे, रजिस्टर भरायचं, हे माझं काम. चौदा वर्षं केलं. माझ्या नावावर गळतीची एक नोंद नाही. एक!

आणि मग आला हरेश.

करंज्याचा कोळी. नोकरी उणीपुरी चार वर्षांची. त्याच्याकडे गव्हाणचं स्टेशन. कुंपणाच्या आत गवताची काडी नाही, व्हॉल्व्ह असे पुसलेले की त्यात बघून भांग पाडावा. रजिस्टरातलं अक्षर तर लग्नपत्रिकेसारखं! साहेब येता-जाता म्हणायचे, "पेणकर, एकदा हरेशचं स्टेशन बघून या." चौदा वर्षं काढलेल्या माणसाला! वर त्याच्या आईने दिलेली सुक्या बोंबलाची चटणी साहेब बोटं चाटून खायचे. माझ्या बायकोचा, रिबेकाचा, गव्हाच्या चिकाचा हलवा मात्र 'शुगर आहे हो' म्हणून परत आला होता.

जळायचो हो मी. उघड सांगतो, जळायचो. आणि तो इतका गोड वागायचा की धड भांडताही येईना. "दादा, तुमीच आमचे गुरू," म्हणायचा. असं म्हणणाऱ्याचा आणखीच राग येतो की नाही?

त्यात सुपरवायझरची जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, सेफ्टी ऑडिट झालं की नाव सांगतो. नाव आम्हा दोघांतलंच एक असणार, हे ऑफिसातल्या मांजरालाही माहीत होतं.

ऑडिटच्या दिवशी साहेबांनी मला कुठे पाठवावं? उरण रस्त्यावरच्या मोठ्या स्टेशनवर, पंपाचं सील बदलायला! त्याचं असं आहे, गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावा म्हणून तिथे त्या पंपाने त्यात वासाचं औषध मिसळतात. एक थेंब सांडला तर अख्खी गल्ली नाक धरून पळेल. मी सील बदललं, ओघळ फडक्याने पुसला. आता नियम असा, की ते फडकं तिथल्या तिथे ब्लीचच्या पिंपात टाकायचं आणि झाकण लावायचं. हा नियम नव्या लोकांना शिकवतं कोण? मीच!

तेवढ्यात तिथला ऑपरेटर म्हणाला, "पेणकर, ऐकलं का? ऑडिटच्या मॅडमना घेऊन साहेब गव्हाणला गेलेत. तुमच्या स्टेशनवर संध्याकाळी येणार, वेळ उरला तर."

वेळ उरला तर! माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातलं फडकं मागच्या खिशात कोंबलं, बाइकला किक मारली आणि निघालो. वास कसा आला नाही म्हणता? अहो, दोन तास त्या औषधापाशी काढले की नाक संपावर जातं. बाइकवर वारा लागला, आणि गव्हाण येईपर्यंत ते पुन्हा कामावर रुजू झालं.

स्टेशनच्या फाटकाशी उतरलो आणि... वास! खणखणीत गॅसचा वास!

देवाशपथ सांगतो, भीती नंतर वाटली. आधी आनंद झाला.

"गळती!" मी ओरडलो. "साहेब, बाहेर या! हरेश, तुझं स्टेशन गळतंय!"

हरेशने एक प्रश्न विचारला नाही. साहेबांना आणि मॅडमना वाऱ्याचा रोख बघून लांब उभं केलं, रस्त्याला दोरी लावून गाड्या थांबवल्या, समोरच्या वडेवाल्या मावशींना शेगडी विझवायला सांगितली.

"अरं, घाणा अर्धा कच्चा हाय!" मावशी कावल्या. पण विझवली.

मग तो गॅस मोजायचं यंत्र घेऊन एकेका जोडापाशी गेला. "दादा, शून्य दाखवतंय."

"यंत्र बिघडलंय तुझं!"

साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"चौदा वर्षांचं नाक आहे माझं!" असं म्हणून मी मॅडमच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तर तिथेही वास! "मॅडम, मागे व्हा, पसरतोय!" सगळे पन्नास पावलं मागे गेले. मीही गेलो. तिथेही वास! देवळापाशी गेलो, तिथे वास. बसच्या थांब्यावर गेलो, तिथे तर जास्तच, कारण दमून मी बाकावर बसलो होतो.

"साहेब, जमिनीखालची अख्खी लाइन फुटलीय! थेट उलव्यापर्यंतचा गॅस बंद करा!"

साहेब घामाघूम झाले. त्यांनी फोन काढला. ऐन स्वयंपाकाची वेळ, गावोगावच्या शेगड्या विझणार होत्या.

"साहेब, एक मिनिट," हरेश म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दादा, रागावू नका. पन तुमी जरा हलू नका."

त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली. करंज्याच्या बंदरावर वाढलेलं नाक ते, ताजं-शिळं दहा हातांवरून ओळखणारं. माझ्या पाठीमागे येऊन थांबला.

"दादा, खिशात काय हाय?"

मी खिशात हात घातला आणि फडकं बाहेर काढलं.

मावशी तेवढ्या लांबून ओरडल्या, "मग पेटवू का आता?"

ऑडिटच्या मॅडमनी शांतपणे कागद पुढे ओढले. "ऐन संकटात स्टेशनचा माणूस काय करतो, एवढंच बघायचं राहिलं होतं. न सांगता ड्रिल घेणार होते मी. आता गरज नाही." आणि हरेशला पूर्ण मार्क! साहेबांनी तिथेच त्याची पाठ थोपटली. नाव वेगळं सांगायचं कारणच उरलं नाही. म्हणजे बघा, हरेशला सुपरवायझर कोणी केलं? मी!

एवढ्यावर सुटलो असतो तरी चाललं असतं. पण हरेश रजिस्टर घेऊन आला.

"दादा, गळतीची वर्दी दिली की नोंद करायला लागते. तुमीच शिकवलंय."

मी पेन मागितलं, तर म्हणाला, त्या हातांनी रजिस्टरला शिवू नका, मीच लिवतो. आणि बसला लिहायला.

'वर्दी देणारे: श्री. पेणकर. गळतीचं ठिकाण: श्री. पेणकर, मागचा उजवा खिसा. केलेली कारवाई: श्री. पेणकर यांना वस्तीपासून दूर, मोकळ्या हवेत उभे केले.'

चौदा वर्षांतली माझ्या नावावरची पहिली नोंद! मी ती दोनदा वाचली. शरम वाटली असेल असं तुम्हाला वाटतंय ना? ती नंतर वाटली. आधी एवढंच मनात आलं, की 'पेणकर' हे नाव इतक्या सुंदर अक्षरात मला स्वतःला जन्मात कधी लिहिता आलं नाही.

जळलो हो, पुन्हा जळलो!