आधीच छापलेला जबाब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलवरच्या मैत्रिणीलाही नाही. आताही आधी दुसरंच काही लिहावंसं वाटतंय — दुष्काळाबद्दल, छावणीबद्दल. थोडं ते सांगावंच लागेल.

आष्टीकडच्या आमच्या गावात त्या वर्षी दूध सोसायटीने गुरांची छावणी लावली होती. मी सुट्टीत घरी होते, रोज आमच्या दोन गाईंना पेंड घेऊन जायची. इतकी जनावरं एका जागी, आणि हंबरणं म्हणून नाही — दुपारी सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी. कशाकडे बघत असायची? मला कधी कळलं नाही. आवाज फक्त कडबाकुट्टीचा. त्या यंत्राला पात्यापुढची जाळी पहिल्या दिवसापासून नव्हती. सगळ्यांना दिसत होतं. मलाही.

त्यात शेजारच्या कौसाकाकूचा उजवा हात गेला. मनगटापासून.

सोसायटीने सभासदांचा अपघात विमा काढलेला होता. काही आठवड्यांनी विमा कंपनीचा माणूस तपासाला आला. जबाबाचा कागद इंग्रजीत. तो काकूला समजावून सांगायला सचिवांनी मला बोलावलं. गावात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच.

काकूने अजून तोंडही उघडलं नव्हतं — आणि तिचा जबाब छापून तयार होता. फक्त नाव पेनाने भरलेलं. त्यात एक वाक्य होतं: यंत्राची जाळी मी स्वतः काढली होती. वाऱ्याने त्या माणसाच्या फाइलमधली पानं उलटली. खाली दुसरी नावं, दुसरी गावं, दुसऱ्यांचे अंगठे. वाक्य तेच.

मी काय केलं? वाचत गेले. मध्येच तो म्हणाला, "मॅडम, इंग्रजी फार छान आहे हो तुमचं." मला तोवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्या वाक्यापाशी आले — आणि ते गाळून पुढे गेले. भीती होती का? थोडी. पण खरं सांगू? त्या माणसासमोर मला भांडखोर, गावठी दिसायचं नव्हतं. एवढंच.

मग शाईचं पॅड पुढे आलं. बायकांचा उजवा अंगठा घेतात, काकूला सवय होती. तिने पट्टी बांधलेलं मनगट पॅडवर टेकवलं, दाबलंसुद्धा. तीच हसली. "आगं माय, त्यो तर तिकडंच ऱ्हायला की!" मग डावा अंगठा दिला. खाली छापलेलंच होतं — वाचून दाखवलं, त्यांना समजलं — त्यावर मी सही केली.

त्याच वाक्यावर कंपनीने दावा नाकारला. काकू बीडच्या ग्राहक आयोगात गेली, एसटीने तारखा करत राहिली. एकदा तिची वकीलबाई आमच्या घरी आली. तिला एकच विचारायचं होतं — जाळीचं वाक्य वाचून दाखवलं होतंस का? नाही म्हटलं असतं, तर तो जबाब टिकला नसता. आणि माझी सही खोटी ठरली असती. आई शेजारीच बसली होती, कौतुकाने बघत.

"सगळं वाचलं होतं," मी म्हणाले.

काकू हरली.

मला वाटलं, ती दारात येऊन भांडेल. आली नाही. "एवढी शिकलेली पोर कावून खोटं बोलंल," असं म्हणाली म्हणे. आणि मग हळूहळू तिला आठवायला लागलं. जाळी कशी होती, नट कसे गंजले होते, कडबा अडकत होता म्हणून ती कशी सोडवली. सांगताना तिचं ते मनगट हवेत पाना फिरवतं — नसलेली बोटं घट्ट मिटल्यासारखी वाटतात. दर वेळी एखादी बारीक गोष्ट वाढलेली असते. मी ऐकते.

परवा आमच्या ओट्यावर बसून तिने विचारलं, "तू तितंच व्हतीस ना गं, म्या जाळी काढली तवा?"

मी हो म्हणाले.