स्मरणिकेत न मावलेली शाळा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठत जातात. आमच्या शाळेत तर माणसं निघून जायची आणि किस्से तेवढे मागे राहायचे!

मस्कतमधल्या रुवीत, एका जुन्या इंग्लिश मीडियम हायस्कूलमध्ये मी अठरा वर्षं इतिहास शिकवला. शाळा भारतीय मुलांची. दोन हजार पंधरा-सोळाच्या सुमाराला ती अल हैलच्या नव्या इमारतीत हलवायचं ठरलं, आणि जुन्या इमारतीला निरोप म्हणून स्मरणिका काढायची टूम निघाली. आमच्या केरळच्या प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "यू टीच हिस्टरी. सो राइट अवर हिस्टरी!"

लिहिली. छान गुळगुळीत इंग्रजीत, फोटोबिटो टाकून. पण त्या निमित्ताने जे ऐकलं आणि आठवलं, त्यातलं बरंचसं छापण्यासारखं नव्हतं. ते हे असं.

*

सुरुवात मी इब्राहिमभाईंपासून केली. दापोलीकडचे. शाळा निघाली तेव्हा विशीत शिपाई म्हणून लागले, ते अजून होते. तेव्हा शाळा म्हणजे कापडाच्या दुकानावरचे दोन फ्लॅट.

मी वही उघडून विचारलं, "पहिली घंटा कसली होती हो? पितळेची?"

"घंटा कसली मॅडम! मीच घंटा!"

जिन्यात उभं राहून ते ओरडायचे, "पीरियड ओव्हर!" तेवढंच इंग्रजी त्यांना तेव्हा येत होतं. खालचा ओमानी दुकानदारसुद्धा दुपारच्या त्या हाकेवर शटर ओढून जेवायला जायचा. एकदा इब्राहिमभाईंचा घसा बसला, तर सगळ्या वर्गांत पहिलाच तास जेवणापर्यंत चालला!

मी हसत हसत लिहून घेत होते. बोलता बोलता विचारलं, "आणि तुमची मुलं? ती कुठल्या शाळेत होती?"

शिपायाच्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

इब्राहिमभाई हातातल्या फडक्याने टेबल पुसायला लागले. मग म्हणाले, "गावच्या. शाळेचं नाव थोरलीला विचारून सांगतो, मॅडम."

*

मराठीला वेगळा शिक्षक नव्हता, म्हणून आठवड्यातून दोन तास मीच मराठी घ्यायचे. मुलं आपसात इंग्रजी बोलायची. मराठी बोलायचं म्हटलं की एकेक शब्द चाचपडत यायचा.

एकदा मी सांगितलं, सुट्टीत कोणाकडे जाणार ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगा. सहावीतली जुईली उभी राहिली. म्हणाली, "मी आजीकडे जाणार नाही. आजी संपली."

वर्ग खो खो हसला. मीसुद्धा! वर म्हटलं, "अगं, आजी काय साखर आहे संपायला?"

ती खाली बसली.

मधल्या सुट्टीत तिच्या क्लास टीचरने सांगितलं, आदल्या दिवशी साताऱ्याहून फोन आला होता. आजी गेली होती. जुईलीची आई फोनवर मावशीला एवढंच म्हणत राहिली, "आई संपली गं." पोरीने घरात जसं ऐकलं तसं वर्गात सांगितलं.

मी धावत गेले. ती डबा उघडून बसली होती, खात काहीच नव्हती. मी "सॉरी" म्हटलं, तर मलाच म्हणाली, "इट्स ओके, मॅम. माय मराठी इज बॅड."

बॅड कसलं! त्या दिवशी वर्गात तिचं एकटीचंच मराठी बरोबर होतं.

*

ओपन डेला आया यायच्या. बापांना सुट्टी नसायची. त्यात एकदा एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातावर वेल्डिंगचे जुने चटके. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. बायको-मुलगी रुवीत, आणि हे आठवड्यातून एकदा घरी.

"स्नेहाचा बाप मी," ते म्हणाले. "पहिल्यांदाच येतोय."

मी रजिस्टर उघडलं आणि सुरू झाले. स्नेहा लक्ष देत नाही, वही अपुरी असते, इतिहासात जेमतेम पास आहे, घरी कोणी अभ्यास घेत नाही का? ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी हात जोडून म्हणाले, "सुधारेल, मॅडम. मी बघतो." आणि गेले.

संध्याकाळी पेपर लावताना माझ्या लक्षात आलं. वर्गात स्नेहा दोन! मी दुसऱ्याच स्नेहाचं गाऱ्हाणं यांना ऐकवलं होतं. यांची मुलगी तर वर्गात पहिली होती!

लगेच फोन केला. ते सोहारच्या बसमध्ये होते. मी माफी मागितली, सगळं नीट सांगितलं.

मग म्हणाले, "पहिली? खरंच?" आणि थोड्या वेळाने, "मला वाटलं, मी घरी नसतो म्हणून झालं असेल तसं."

"अहो, पण तुम्हाला तेव्हाच विचारायचं ना, की ती अशी कशी काय?"

"कशावरून विचारणार, मॅडम? ती कशी आहे, ते मी तुम्हालाच विचारायला आलो होतो."

*

मग तेलाचे भाव पडले. कंपन्यांनी माणसं कमी करायला घेतली, आणि आमच्या वर्गांत बाकं रिकामी व्हायला लागली. सोमवारी दिसलेलं मूल गुरुवारी कोचीला, नाहीतर कोल्हापूरला. निरोप नाही, काही नाही. ऑफिसात दाखल्यांसाठी रांग!

गणिताचे सावंत सर दहावी ब चे क्लास टीचर. कुडाळचे, अतिशय शिस्तीचे. पण गेलेल्या मुलांची नावं ते हजेरीतून काढेनात. रोज पुकारायचे, थांबायचे, गैरहजेरीचा 'ए' लिहायचे, पुढे जायचे.

प्रिन्सिपल मॅडम वैतागल्या. "सर, हा मुलगा तीन महिन्यांपूर्वी गेला!"

"तेल वर जाईल, मॅडम. मुलं परत येतील, इन्शाल्ला."

सरांचा स्वतःचा मुलगा अमेय त्याच वर्गात होता. रोल नंबर सतरा. त्या डिसेंबरात सरांच्या मिसेसची हॉस्पिटलमधली नोकरी गेली. एका पगारात रुवीचं घरभाडं झेपेना. सरांनी माय-लेकाला कुडाळला पाठवलं आणि स्वतः एका खोलीत राहायला गेले.

दुसऱ्या दिवशी माझा तास शेजारच्या वर्गात होता. दार उघडं होतं. सर हजेरी घेत होते. पंधरा. सोळा. मग, "रोल नंबर सेव्हन्टीन."

सर थांबले, नेहमीसारखे.

मागून कोणीतरी पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "हिज फादर इज प्रेझेंट, सर."

वर्ग हसला. सरही हसले, अगदी मोठ्याने! मग वळून फळ्यावर गणित लिहायला लागले. लिहून झालं, पुसलं, पुन्हा तेच लिहिलं. पोरांनी वहीत मुकाट्याने दोनदा उतरवून घेतलं.

*

स्मरणिकेसाठी पहिल्या बॅचचा एक फोटो सापडला. मागे नावं नव्हती. मी तो फेसबुकवर टाकला. बरेच दिवस काही नाही, आणि मग नाशिकहून एका बाईंचा मेसेज आला. 'मागच्या रांगेत उजवीकडे, दोन वेण्यांची, ती मी. अलका. मी त्या शाळेत दीडच वर्ष होते.'

आम्ही त्यांना निरोपाच्या कार्यक्रमाला बोलावलं. येते म्हणाल्या.

हे इब्राहिमभाईंना सांगितलं, तर ते हातातली खुर्ची खाली ठेवून तिच्यावरच बसले. "ती अलका? तिसरीतली?"

मग त्यांनी सांगितलं. अलकाचे वडील इंजिनियर होते. एका सकाळी साइटवर अपघात झाला आणि ते जागीच गेले. निरोप शाळेत आला. तेव्हाचे हेडमास्तर म्हणाले, तिचे काका येईपर्यंत तिला कळू देऊ नकोस, बाहेर घेऊन बस. इब्राहिमभाई तिला घेऊन गेटजवळ सावलीत बसले. आपल्या डब्यातला भात तिला भरवला. ती सारखी विचारत होती, घरी कधी जायचं? तर म्हणाले, "शंभर टॅक्सी मोज. शंभर झाल्या की घरी."

तेव्हा रुवीत गाड्या थोड्या. दुपार सरत आली तरी पोरगी मोजतच होती. मग काका आले, तिला उचलून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सगळे विमानाने भारतात. पुन्हा कधी दिसली नाही.

"मी तिला खोटं बोललो, मॅडम," इब्राहिमभाई म्हणाले. "घरी जायला तिचं घर तरी कुठे राहिलं होतं?"

कार्यक्रमाच्या दिवशी अलकाताई आल्या. केस पिकलेले, साधी सुती साडी. स्टेजवर दोनच मिनिटं बोलल्या, सगळ्यांचे आभार मानले. टाळ्या झाल्या. मग खाली उतरून, प्रिन्सिपल मॅडमना ओलांडून, थेट मागच्या भिंतीपाशी गेल्या. तिथे इब्राहिमभाई पाण्याचे ग्लास भरत होते.

मला वाटलं, नमस्कार करतील.

"अठ्ठ्याण्णव झाल्या होत्या," अलकाताई म्हणाल्या. "काका लवकर आला."

इब्राहिमभाईंनी हातातला जग खाली ठेवला. हात शर्टाला पुसले, आणि लहान मुलीचं धरावं तसं त्यांचं बोट धरून गेटकडे निघाले. मी मागोमाग गेले. कोणीतरी जायला हवं होतं.

दोघं रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. उन्हं उतरली होती. एक केशरी-पांढरी टॅक्सी हॉर्न देत समोरून गेली.

"नव्व्याण्णव," इब्राहिमभाई म्हणाले.

लगेच मागून दुसरी आली, आणि गेली. इब्राहिमभाईंनी मग त्यांचं बोट सोडलं.