दुसरा पेला

"हा तुझा," असं म्हणून थोरल्या पाळकसाहेबांनी माझ्या हातात स्टीलचा पेला दिला.

इस्टरचा रविवार होता. मी वेदीजवळ उभा, अंगात पांढरा झगा. बायबल शाळेतनं शिकून आलो होतो, सहायक पाळक म्हणून माझं पहिलंच प्रभुभोजन. द्राक्षारसाचा चांदीचा पेला पुढच्या बाकांवर फिरून आला. साहेब त्यातनं प्याले. मी हात पुढं केला. साहेबांनी तो पेला रुमालानं पुसला, मेजावर ठेवला, अन् कपाट उघडून हा काढला.

त्याच्यावर माझ्या बापाचं नाव होतं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं.

सांगतो, कसं ते. मागं चटईवर बसणारे आमी, मांगवाड्यातनं ख्रिस्ती झालेले. पुढं बाकांवर मिशन कंपाउंडातली घरं. त्यांचे आजे देशमुखी सोडून ख्रिस्ती झाले. सोडून म्हणे! काय सोडलं, त्यांनाच ठाव. माझ्या लहानपणी आमाला द्राक्षारस वरून ओंजळीत ओतायचे. कोपरापर्यंत ओघळ यायचा, माय पदरानं पुसायची. मला बायबल शाळेत घेतलं तवा बापाला लई आनंद झाला. शिरड शहापूरच्या दुकानातनं त्यानं हा पेला घेतला, नाव कोरलं, देवळाला अर्पण केला. त्याला वाटलं, आता ओंजळ संपली. ओंजळ संपली बराबर. पण चांदीचा पेला बाकांच्या मागं काही आला न्हाई. आमाला दूर ठेवायला यांना एक भांडं पाहिजे होतं, ते माझ्या भोळ्या बापानंच आणून दिलं. मी शिकून यायच्या आत तो गेला.

मी तो पेला तोंडाला लावला न्हाई. चांदीच्या पेल्याला खेटून मेजावर ठेवला. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की बस्स.

पुढच्या रविवारी उपदेशाची पाळी माझी होती. मी म्हणालो, "प्रभूनं शेवटच्या रात्री पेला फिरवला. त्याला वैऱ्यांच्या हाती धरून देणारा बी त्या मेजाला बसला होता. त्याला काही वेगळं भांडं काढलं न्हाई. मग माझ्या मायनं त्याच्याहून मोठं काय पाप केलं?"

चटईवरनं कोणीतरी "आमेन!" म्हणून जोरात ओरडलं. अन् लगेच खाली मान घातली.

तो उपदेश, अन् त्याच्या नंतरचे आणखी दोन, मी हिंगोलीत छापून घेतले. लग्नपत्रिका छापायचा छापखाना. उरलेल्या गुलाबी कागदावर पुस्तिका निघाली. छापखान्याचा मालक बौद्ध. मजकूर वाचून तो हसायला लागला.

"काय राव, तुमच्यात बी हाय का हे? आमी म्हनलं, तुमी सुटले."

लाज वाटली. मग लाजेचा संताप झाला. सवलत मागायला गेलो तर कचेरीत म्हणतात, ख्रिस्ती झालात ना, आता तुमाला जात न्हाई. अन् पेला द्यायच्या वक्ताला जात बराबर सापडते!

आमच्याकडच्या गोरेगावच्या बाजारात, जीपगाड्यांत, तांड्यांवर, कुठं कुठं ती पुस्तिका गेली. साहेबांनी उत्तर छापलं, चांगल्या पांढऱ्याशुभ्र कागदावर. त्यांचं म्हणणं, पात्र गौण, आत्मा मुख्य. मोठमोठे शब्द, शास्त्राचे दाखले. मी दुसरी पुस्तिका काढली. तिच्यात एवढंच विचारलं: पात्र गौण असेल तर साहेबांनी आमच्या पेल्यातनं प्यावं, आमी चांदीच्यातनं पितो.

याचं उत्तर छापून आलं न्हाई. देवळाच्या पंचकमिटीचं बोलावणं आलं.

खुर्च्यांवर ते, मी उभा. साहेब म्हणाले, "रविवारी मंडळीसमोर माफी माग. पुस्तिका परत घे. नाहीतर वेदी बंद. आणि तुझ्या घरच्या कोणालाही कबरस्तानात जागा मिळणार नाही."

बाप तिथंच पुरलेला. अन् घरी मायच्या छातीत कफ दाटलेला, उठवत बी नव्हतं.

माय म्हणाली, "माग माफी, लेकरा. मला तुझ्या बापाच्या बाजूला पडायचं हाय."

"माय, तो पेला पिऊन पिऊन तुला कधी राग न्हाई आला?"

"त्याच्यावर तुझ्या बापाचं नाव होतं. म्हनून प्याले."

किती वेळ तिचे पाय दाबत बसलो.

रविवारी उभा राहिलो. म्हणालो, "मी माफी मागत न्हाई. बोललो ते खरं हाय. ज्याला खोटं वाटतं, त्यानं इथं यावं अन् स्टीलच्या पेल्यातनं एक घोट घ्यावा."

कोणी उठलं न्हाई. मी झगा काढला, वेदीवर टाकला अन् बाहेर पडलो.

माय त्याच पावसाळ्यात गेली. कबरस्तानाच्या फाटकाला कुलूप. तिरडी खांद्यावर घेऊन आमी फाटकासमोर चिखलात उभे राहिलो, चावी आली न्हाई. मग गायरानात नेली. खड्डा बौद्धवाड्यातल्या पोरांनी खांदला. प्रार्थना मी म्हटली. लोक मला म्हणतात, हट्ट केला, मायची शेवटची इच्छा मोडली. अरे, मी मोडली? कुलूप मी लावलं का? ज्यांनी लावलं त्यांना इचारा. तो राग माझ्या पोटात हाय, अन् तो माझ्यावर न्हाई, त्यांच्यावर हाय.

मधे बरीच वर्षं गेली, पुस्तिका मी वाटतच राहिलो. साहेब निवृत्त झाले. परवा नवे पाळक मोटारसायकलवर घरी आले. तरणे, गोड बोलणारे.

म्हणाले, "आता सगळ्यांना काचेचे छोटे पेले केलेत, सारखेच. वाद मिटला. तुम्ही परत या. फक्त त्या जुन्या पुस्तिका वाटणं थांबवा, मंडळीची बदनामी होते."

मी चहा दिला. म्हणालो, "फाटकाला कुलूप कोणी लावलं अन् काहून लावलं, हे वेदीवरनं मोठ्यानं सांगा, सगळ्या मंडळीसमोर. मग गायरानात या. माझ्या मायची हाडं स्वतःच्या खांद्यावर घ्या अन् तिला तिच्या नवऱ्याशेजारी ठेवा. तवर मी येत न्हाई."

"हे जरा जास्तच होतंय," ते म्हणाले.

"व्हय. जास्तच हाय."

ते गेले. पुढच्या रविवारी मी जाणार हाय. आत न्हाई. देवळाच्या दारात उभा राहून, बाहेर येणाऱ्या एकेकाच्या हातात पुस्तिका देणार हाय.