शबानाच्या कपाळावरची विभूती

भजनातल्या मैत्रिणींनो, घरी आल्यापासून भाकरीत लक्ष नाही, म्हणून ही चिठ्ठी फिरवतेय.

आज डी.एड.चा माझा पहिला सराव पाठ होता. घरी परीक्षेच्या दिवशी पोरांना लावते, तशी सवयीनं वर्गातल्या सगळ्या मुलींना विभूती लावली. शबाना मुसलमानाची; तिनंही मुकाट्यानं कपाळ पुढं केलं.

शाळा सुटल्यावर जवळ आली. "बाई, अम्मी पूछी तो क्या बोलूँ?"

"बाईंनी लावली म्हणून सांग की!"

मी रागवेन म्हणून असेल, तिनं ती पुसलीही नाही, तशीच घरी गेली.

उद्या ती आली नाही तर? मी माझ्या कपाळाला विभूती लावत राहीनच. पण तिला आधी विचारायचं मला सुचलंच नाही. तिच्या आईपुढं मी काय बोलू गं?