सही करून टाक

केंटकीच्या डोंगरात व्हर्ना स्टिडमने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. बर्फातून घाट उतरली, पण एका पोराला कधी खरचटलं नाही. मागच्या बाकावर कोण कुणाला चिमटे काढतंय ते तिला आरशात न बघताही कळायचं. "डेव्हिन, हात आत! नाहीतर थांब्यावर तुझ्या आजीसमोरच तुझी हजामत करते," एवढं म्हटलं की अख्खी बस गप्प. अशी खमकी बाई आयुष्यात एकदाच घाबरली आणि नेमकी तेव्हाच चुकली.

लहान मुलाला उतरवून घ्यायला थांब्यावर मोठं माणूस हवं, नाहीतर मूल परत शाळेत, असा नियम होता. सात वर्षांच्या मेसीची आई क्रिस्टा ही व्हर्नाची शेजारीण. बिचारी एकटी, वृद्धाश्रमात रातपाळी करायची. एका आठवड्यात तीन दिवस ती थांब्यावर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी मेसीला शाळेत पोचवून व्हर्नाने बालसंरक्षण विभागाला फोन लावला. प्रशिक्षणात बजावलंच होतं, शंका आली की कळवायचं, चौकशी आपण करायची नाही, तुमचं नाव गुप्त राहील. फोन करणं कर्तव्यच होतं, त्याबद्दल मी तिला बोल लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी क्रिस्टा धापा टाकत व्हर्नाच्या स्वयंपाकघरात आली.

"अगं मावशी, दारात बालसंरक्षणच्या ऑफिसची बाई बसलीय! म्हणते, मी पोरीकडे लक्ष देत नाही. पाळी करून आले नि डोळा लागला गं, दुसरं काही नाही! आता म्हणते या कागदावर सही कर, मेसीला थोडे दिवस नणंदेकडे ठेव. करू का?"

व्हर्नाच्या पर्समध्ये प्रशिक्षणात मिळालेलं पत्रक होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की तक्रार काय आहे ते पालकांनी विचारावं, कोर्टाचा आदेश नसेल तर अधिकाऱ्याला घरात घेण्याची सक्ती नाही, सही करण्याआधी वकिलाशी बोलता येतं. पर्स हाताशी होती. पण पत्रक काढलं आणि क्रिस्टाने विचारलं, "हे तुझ्याकडे कसं?" तर? खरं म्हणजे तिने विचारलंही नसतं. पण व्हर्नाला कधी एकदा हे प्रकरण डोळ्यांआड होतंय असं झालं होतं.

"सही करून टाक," शेगडीवरच्या घेवड्यातून डाव न काढता ती म्हणाली. "वाद घातलास तर वाढेल. आठवड्यात येईल पोरगी."

"तू म्हणतेस ना, मग झालं," म्हणत क्रिस्टा गेली.

दीड महिन्यात विभागाचं पत्र आलं, तक्रारीत तथ्य आढळलं नाही. पण नणंद अडून बसली, 'आईनेच सही करून दिली' म्हणत कोर्टात गेली. आठवड्याचे सात महिने झाले. तेवढ्या काळात मेसीचे पुढचे दोन दात पडून नवे आले. तिकडे पडलेला दात मूल उशीखाली ठेवतं आणि रात्री आई गुपचूप तो काढून तिथे नाणं ठेवते; ते क्रिस्टाच्या वाट्याला आलंच नाही.

मेसी परतली तेव्हा क्रिस्टाने रातपाळी सोडली होती. बस पावणेचारला यायची, ही अडीचपासून थांब्यावर कुडकुडत उभी.

"एवढ्या लवकर कशाला गं?" मेसीला उतरवताना व्हर्नाने एकदा विचारलंच.

"कुणाचा तरी डोळा असतो ना मावशी माझ्यावर. कुणा मेल्याने तक्रार केली ते कळलं, तर या जन्मी तोंड बघणार नाही त्याचं." मग गरम मक्याचा पाव तिच्या हातात ठेवत म्हणाली, "त्या दिवशी तू होतीस म्हणून. नाहीतर मी कुणाला विचारलं असतं?"

व्हर्नाला फार लाज वाटली. "क्रिस्टा, तो फोन..."

"काय फोन?"

"काही नाही. थंडी फार आहे, जाडा कोट घालत जा."

व्हर्ना आता निवृत्त झाली आहे. दुपारी अडीचला तिला खिडकीतून क्रिस्टा थांब्याकडे जाताना दिसते. जाडा कोट घातलेली असते.