टाचेला कळणारं पाणी

रंजीताला दोन नोकऱ्यांवरून काढलं गेलं आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं. नागपूरच्या एका शिलाई कारखान्यात तिनं एका दुपारी चाळीस शर्टांना दोन्ही डाव्याच बाह्या लावल्या. पुढे कोरपन्याकडे एका कॅन्टीनमध्ये भात लागून काळा झाला, तेव्हा ती पातेल्याशेजारीच उभी होती. "लक्ष कुठी होतं?" असं विचारल्यावर ती खरं तेच सांगायची, "इथीच होतं." पाणी उकळताना आवाज कसा बदलत जातो, ते ती ऐकत होती.

एकतिसाव्या वर्षी ती मूल तालुक्यातल्या आपल्या गावी आईकडे परत आली. त्याच सुमारास गावचे पाणकर वारलूभाऊ गुडघ्यांनी थकले. तलावाचं तुडूम, म्हणजे तलावाच्या बांधातलं पाणी सोडायचं दार, उघडायचं आणि नहरीनं एकेकाच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी पोचवायचं, हे पाणकराचं काम. बाई पाणकर गावात कधी नव्हती. वारलूभाऊंनी तिचं नाव सुचवलं. "हे पोरगी पाण्यापाशी बसू शकते," एवढंच ते म्हणाले. एका हंगामापुरतं काम मिळालं.

ऑक्टोबरात धान निसवतो, लोंबी बाहेर पडते. त्या आठवड्यात पाणी चुकलं तर लोंबी पोचट राहते. रंजीता ज्याची पाळी असेल त्याच्या बांधीच्या तोंडाशी जाऊन बसायची. उजवा पाय नहरीत आणि डोळे मिटलेले. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, तूर फुलात आलेली असायची, माश्या घोंघावायच्या, ऊन पापण्यांवर तांबूस दिसायचं. पाणी टाचेला ढकलत राहायचं. अशा वेळी आपण तलावापासून शेवटच्या बांधीपर्यंत लांबलोय असं वाटतं, हे तिनं एकदा आईला सांगितलं ते कुठली तक्रार किंवा कौतुक म्हणून नव्हे. अंतर सांगावं तसं सांगितलं.

शेवटची बांधी बाबुलालभाऊंची. त्यांच्या पाळीच्या दुपारी ते आले तर अर्धी बांधी कोरडी आणि पाणकरीण तुरीला टेकून डोळे मिटून बसलेली. ते तसेच मागे फिरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाव पारावर गोळा केलं.

"माया धान वाळून राह्यला न् हे बाई झोपून राह्यली! काम निकेशले द्या," पारावरच्या एका तरुण पोराकडे बोट दाखवून ते म्हणाले.

"झोपली नव्हती, भाऊ," रंजीता म्हणाली. "तुमी आले न् फिरले ते ऐकलं मी. मंग पाण्याचा जोर कमी झाला. वर गेली तं खेकड्यानं नहरीची कड पोखरली होती. चिखल न् धानाचं तणस भरून बुजवली. बांधी भरली आता, पाहून घ्या."

"डोये मिटून दिसलं तुले खेकडं?"

"डोये उघडे ठेवले तं पाणी चमकते, चालल्यासारखं वाटते. पायाले फसवत नाई ते."

लोक हसले. हंगामाच्या मध्यावर काम सुटलं तर पुढे तिला ते कोणी देणार नव्हतं, आणि झोपाळी हे नाव मात्र कायमचं लागलं असतं. बाबुलालभाऊच म्हणाले, "मंग चाल. मी वर जाऊन नहर बांधतो, पाणी अडवतो. सांग कवा बांधली ते."

सगळे शेवटच्या बांधीवर गेले. तुडूम अजून उघडंच होतं. बांधी खरोखरच चार बोटं भरलेली होती. रंजीतानं पाय पाण्यात सोडला. बाबुलालभाऊ पन्नास पावलांवर तुरीआड दिसेनासे झाले.

बराच वेळ गेला. "आता तं बांधली असन," निकेश म्हणाला.

"नाई."

"झोपली वाटते पुन्हा," मागून कोणी तरी म्हणालं. ती हलली नाही. चेहरा इतका सैल पडला होता की गोकुळाबाईंनाही, म्हणजे तिच्या आईलाही, शंका आली.

"आता बांधली," रंजीता म्हणाली. "पण एका बाजूनं गळून राह्यली."

निकेश पळत गेला. बाबुलालभाऊ मुद्दामच तंबाखूचा खर्रा घोटत बसून राहिले होते. ढेकळं त्यांनी आत्ताच टाकली होती आणि त्यांतलं एक विरघळून कडेनं पाणी निघत होतं. निकेशनं परत येऊन हात जोडले. "मले नाई जमत हे काम. मी पाच मिंटात मोबाईल काढतो."

ठराव वगैरे काही झाला नाही. चिखलाचे हात पुसत बाबुलालभाऊ एवढंच म्हणाले, "कोनाची पाळी हाय आज?"

"रीनाबाईची," रंजीतानं सांगितलं आणि ती वरच्या बांधीकडे निघाली. ते मागोमाग गेले. दुपारी रस्त्यानं जाणाऱ्या कोणीतरी हाक मारली, "काऊन वो पाणकरीन, झोपली का?" धुऱ्यावर बसलेल्या बाबुलालभाऊंनी हात वर करून त्याला गप्प केलं.